मराठी अक्षरासाठी एक कार्ड

रोमन लिपीत के, ए, एल, ई अशी चार अक्षरे लिहिली तर ती वाचायची कशी? काळे, काले, कळे की कले? अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधला, माणूस क्षणाचाही विचार न करता 'काळे' म्हणेल. यंत्राला मात्र गावकी-भावकी ठाऊक नसते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सहकारी संस्था, बँका आणि सरकारी कार्यालयांत संगणक येऊ लागले, तेव्हा सभासदांची, खातेदारांची, मतदारांची नावे असे रोमन सोंग घेऊन पडद्यावर उभी राहिली. ळ आणि ल एक झाले. ट आणि त, ण आणि न यांचीही तीच गत. साठे आणि साथे यांच्यात काही फरक आहे, हे यादी पाहून कोणाला कळण्याची सोय उरली नाही.

या जिल्ह्याचे मराठी लिखाणाशी नाते फार जुने. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघाले ते नगरमधून. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने, सोसायट्या, पतसंस्था उभ्या राहिल्या. त्यांचे ठराव मराठीत, अहवाल मराठीत, भांडणेही मराठीत. राज्याने १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम करून सरकारी कारभाराची भाषा मराठी ठरवली. बोरूने जे जमले, छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी जे जमले, ते लाखभर रुपयांच्या यंत्राला जमू नये, याचे नवल वाटणे साहजिक होते.

न जमण्याचे कारण होते पडद्याला चालवणाऱ्या कार्डात.

आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्यासोबत मिळणाऱ्या एकरंगी डिस्प्ले कार्डावर मेमरी होती अवघी चार किलोबाइट. एवढ्यात पडद्यावरचा प्रत्येक ठिपका साठवणे अशक्य. ७२० गुणिले ३५० ठिपक्यांचे चित्र ठेवायचे तर जवळपास आठपट मेमरी लागली असती आणि तेव्हा मेमरी महाग होती. अभियंत्यांनी मग काटकसरीचा मार्ग काढला. पडद्याचे ८० रकाने आणि २५ ओळी पाडल्या, म्हणजे २,००० घरे झाली. प्रत्येक घराला दोन बाइट दिले: एक अक्षराचा क्रमांक आणि दुसरा ते अक्षर ठळक, अधोरेखित की लुकलुकणारे हे सांगण्यासाठी. अक्षराचा आकार कार्डावरच्या एका चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असे. पीसीने '६५' म्हटले की कार्ड त्या घरात 'ए' उमटवी. घर नऊ ठिपके रुंद आणि चौदा ठिपके उंच. कोरलेली चिन्हे एकूण २५६.

त्या २५६ मध्ये काय काय होते, हे आज पाहिले तर हसू येते. रोमन अक्षरे आणि अंक होतेच. फ्रेंच-जर्मन टिंबा-रेघांची अक्षरे होती, काही ग्रीक अक्षरे होती, तक्त्यांच्या चौकटी काढायला एकेरी-दुहेरी रेघा होत्या. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे पत्त्यांचे चारही रंग होते. दोन हसरे चेहरेही होते, अगदी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर. ळ नव्हता.

आणि एखाद्या ळ ला जागा मिळाली असती तरी भागले नसते. देवनागरीत अक्षर घरात एकटे बसत नाही. डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी काढावी लागते. 'स्त्री'मध्ये तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात, 'क्ष' तर घटकांचा मागमूस ठेवत नाही. सगळ्यांवरून शिरोरेषा सलग जायला हवी, दोन घरांच्या मधली फट तिला चालत नाही. जोडाक्षरे आणि त्यांची बाराखडी मोजायला बसले तर २५६ चा आकडा पहिल्या काही वर्गांतच संपतो. त्यात चौदा ठिपक्यांच्या उंचीत वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही कोंबायचे. थोडक्यात, रोमन लिपीसाठी जे 'टेक्स्ट' होते ते देवनागरीसाठी पहिल्या दिवसापासून 'ग्राफिक्स' होते.

ही अडचण एकट्या भारताची नव्हती. अमेरिकेत शिकणाऱ्या व्हान सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याला आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचे काम पीसीवर थाई लिपीत करायचे होते. आयबीएमच्या एकरंगी कार्डात अक्षरे ठरावीक आणि रंगीत कार्डाचे ठिपके फार जाडेभरडे. त्याने स्वतःच कार्ड तयार केले आणि १९८२ मध्ये हर्क्युलिस नावाची कंपनी काढली. ६४ किलोबाइट मेमरीचे, ७२० गुणिले ३४८ ठिपके प्रत्येकी स्वतंत्रपणे उजळवणारे ते कार्ड पुढे जगभर पसरले. एकरंगी पडद्यावर आलेख काढायचा तर हर्क्युलिस हवे, असे समीकरणच झाले. पीसीच्या ग्राफिक्स-इतिहासातले एक गाजलेले कार्ड खेळासाठी किंवा चित्रासाठी जन्मले नाही, एका आशियाई लिपीसाठी जन्मले, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सांगितली जायला हवी तितकी जात नाही.

भारतात पडद्यावर आकार उमटवणे तसे नवे नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागला, तेव्हा त्याला आलेख आणि चिन्हे दाखवणारी कॅथोड-रे नळी जोडलेली होती. आयव्हन सदरलँडचे 'स्केचपॅड', ज्याला संगणकीय चित्रांकनाचा आरंभ मानतात, ते १९६३ चे. पण टिफ्रॅक होता शास्त्रज्ञांसाठी. त्याच्या पडद्यावर कोणाचे आडनाव नीट दिसते की नाही, हा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न पडला कानपूरला. तिथल्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून देवनागरी आणि संगणक यांची सांगड घालत होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये दिल्लीत तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले, तिथे त्यांचे देवनागरी टर्मिनल लोकांना पाहायला मिळाले. या गटातला एक तरुण अभियंता म्हणजे मोहन तांबे. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या पुढाकाराने हे तंत्र एका कार्डात बसवले गेले. जिस्ट हे त्याचे नाव. इंग्रजी नावाचा विस्तार 'ग्राफिक्स आणि बुद्धी यांवर आधारलेले लिपी-तंत्र' असा. ग्राफिक्स हा शब्द नावातच पहिला होता आणि तो तसाच असायला हवा होता.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. विजय भटकर त्याचे संस्थापक प्रमुख. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिला म्हणून देशी महासंगणक उभारायचा, हे सी-डॅकचे ठळक काम; १९९१ चा परम ८००० त्यातूनच आला. वर्तमानपत्रांनी परमची कौतुके छापली आणि ती रास्तच होती. पण त्याच सुमारास कानपूरहून जिस्टचा गटही पुण्यात आला होता. तालुक्याच्या गावातल्या कारकुनाच्या टेबलावर परम कधी येणार नव्हता. जिस्ट येऊ शकत होते. सी-डॅकच्या पहिल्या दशकातले कोणते काम सामान्य माणसापर्यंत जास्त पोचले, असे विचारले तर उत्तर महासंगणकाच्या बाजूने देणे कठीण आहे.

जिस्ट कार्डाची खुबी ते कुठे बसते यात होती. पीसीचे झाकण उघडायचे, मोकळ्या खाचेत कार्ड खोचायचे, पडदा त्याला जोडायचा. त्यानंतर डीबेस, लोटस, वर्डस्टार हे तेव्हाचे लोकप्रिय प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवायचे. या प्रोग्रॅमांना मराठीचा गंधही नव्हता. त्यांच्या लेखी सगळे बाइट सारखेच. क्रमांक खालच्या १२८ पैकी असेल तर कार्ड नेहमीप्रमाणे रोमन अक्षर दाखवी. वरच्या भागातला असेल तर मात्र शेजारचे बाइट पाहून अक्षर जुळवी आणि देवनागरी उमटवी. अमेरिकेत लिहिलेला प्रोग्रॅम, न बदलता, न विचारता, मराठी दाखवू लागला. छपाईची सोयही त्याच मार्गाने आली.

यासाठी कोणता क्रमांक कोणत्या अक्षराचा, हे आधी ठरवावे लागले. १९८३ पासून त्यावर मसुदे होत होते. १९८८ मध्ये इस्की नावाची संकेतप्रणाली निश्चित झाली आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने ती भारतीय मानक बनली. तिच्यातला मुख्य विचार आजही दाद द्यावा असा आहे: साठवायचे ते वर्ण, आकार नव्हे. 'क्ष'ला स्वतःचा क्रमांक नाही. १९९१ च्या मानकाप्रमाणे क म्हणजे १७९, हलन्त म्हणजे २३२, ष म्हणजे २१४. हे तीन बाइट ओळीने आले की क्ष कसा काढायचा ते कार्डाने पाहायचे. ल ला २०९ आणि ळ ला २१०, त्यामुळे ती भानगडही मिटली. गुजरातीपासून मल्याळमपर्यंत ब्राह्मीतून निघालेल्या लिपींना एकच क्रमवारी दिली गेली. म्हणून मराठीत भरलेली नावांची यादी कळ फिरवून कन्नड लिपीत पाहता येई. सोलापूर किंवा बेळगावकडच्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

क्रमांक वर्णमालेच्या क्रमाने दिल्यामुळे आणखी एक सोय झाली. डीबेसला यादी क्रमाने लावायला सांगितली की नावे अ पासून ह पर्यंत बऱ्यापैकी ओळीत येत. एक गंमत मात्र व्हायची. शाळेत शिकवलेल्या मुळाक्षरांत ज्ञ अगदी शेवटी. यंत्राच्या हिशेबी तो ज अधिक ञ. त्यामुळे ज्ञानेश्वर यादीच्या तळाला न जाता जयवंत, जिजाबाई, जोतीराव यांच्या मागोमाग उभा राहायचा.

मराठीचे काही हट्ट हिंदीला नसतात आणि कानपूरहून निघालेल्या तंत्राने ते पुरवले, हेही नोंदवायला हवे. प्रवरेच्या 'खोऱ्यात' म्हणताना जो अर्धा र लागतो, कुऱ्हाडीत जो लागतो, तो आकार हिंदीत नाही. मानकात तमिळच्या कठोर र साठी नुक्ता असलेला ऱ ठेवलेला होता, क्रमांक २०८. त्याला हलन्त जोडला की मराठीचा अर्धा र काढायचा, असे ठरले. दक्षिणेतल्या एका वर्णाच्या जागेवर मराठीची सोय लागली आणि आजही मोबाइलवर 'दऱ्या' टाइप करताना हाच जोड वापरला जातो.

कळफलकाचे प्रकरण इतके सुरळीत झाले नाही. इन्स्क्रिप्ट नावाचा सरकारी आराखडा तर्कशुद्ध होता: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, सर्व भारतीय लिपींना तोच. नवख्याला तो लवकर येतो. पण कार्यालयांत बसलेले लोक नवखे नव्हते. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षा देऊन, रेमिंग्टन-गोदरेजच्या यंत्रांवर बोटे बसवून ते नोकरीला लागले होते. त्यांना डोळे मिटून साधणारी गती सोडून पुन्हा पहिलीत बसायला कोण लावणार? पुढे सी-डॅकच्या आज्ञावलींत टंकयंत्राचा आराखडाही देण्यात आला. तडजोड व्यवहार्य होती, पण तिच्यामुळे इन्स्क्रिप्ट सरकारी कागदावरच जास्त राहिले, असे म्हणावे लागते.

जिस्ट फार काळ कार्ड म्हणून टिकले नाही. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणले. ६४० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येक ठिपका प्रोग्रॅमच्या हाती. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फाँट आले आणि अक्षर काढण्याचे काम चिपकडून आज्ञावलीकडे गेले. आता वेगळे हार्डवेअर कशाला, असा प्रश्न येणारच होता. सी-डॅकनेही आपले तंत्र आयएसएमसारख्या आज्ञावलींत उतरवले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छपाईच्या धंद्यात घरोघर गेली. पूर्वीच्या कार्डाची आठवण म्हणून एक वस्तू तेवढी उरली: संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे कुलूप, ज्याला सगळे डोंगल म्हणत. ते नसेल तर आज्ञावली चालत नसे.

इथून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीने जी किंमत मोजली ती मोठी आहे. विंडोजचा फाँट म्हणजे पुन्हा दोनशेच्या आसपास घरे. कंपन्यांनी त्या घरांत वर्णांऐवजी आकारांचे तुकडे बसवले: अर्धा म, काना, वेलांटीची शेपटी. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे ज्याचे त्याने ठरवले. साठवण्यासाठी इस्की आणि दाखवण्यासाठी फाँट हा जिस्टमधला भेद पाळला गेला असता तर बिघडले नसते. पण मजकूर थेट फाँटच्या तुकड्यांतच साठवला जाऊ लागला. एका छापखान्यातली फाइल दुसऱ्यात उघडली की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा काला समोर येई. वृत्तपत्रांच्या पहिल्या संकेतस्थळांवर वाचकाला आधी त्या त्या वृत्तपत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे. शोध घेणे, क्रमाने लावणे, शुद्धलेखन तपासणे, सगळेच बंद. १९८८ मध्ये जे जमत होते ते १९९८ मध्ये जमेनासे झाले. याला बाजाराची घाई कारणीभूत होती, तसेच सरकारी मानक सरकारी कार्यालयांवरही बंधनकारक न करण्याची आपली जुनी सवयही.

सुटका बाहेरून आली, पण बी इथलेच होते. युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तिच्यातले भारतीय लिपींचे विभाग १९८८ च्या इस्कीवरून घेतलेले आहेत, अक्षरांचा क्रमही तोच. त्याला पडदा मिळायला मात्र विंडोज २००० ची वाट पाहावी लागली. त्यात आलेला मंगल हा देवनागरी फाँट रा. कृ. जोशी यांनी घडवलेला. मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात आणि आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात नाव कमावलेल्या या सुलेखनकाराने राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातल्या अभियंत्यांबरोबर अक्षरांवर काम केले. जिस्टमध्ये कार्ड जे करत होते, ते आता फाँटमधले नियम आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून करू लागले. मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये जागा मिळाली. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातल्या मोडी दप्तरांच्या दृष्टीने ही बातमी लहान नव्हती.

दरम्यान ग्राफिक्सचे कार्ड भलत्याच दिशेने वाढले. १९९६ च्या व्हूडू कार्डाने घरच्या पीसीवर त्रिमितीय खेळ आणले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ ला जगातला पहिला जीपीयू म्हणून बाजारात आणले. खेळातले दृश्य म्हणजे लाखो त्रिकोण, आणि प्रत्येकावर तेच गुणाकार-बेरजांचे गणित एकाच वेळी. हेच गणित हवामानाला लागते, रेणूंना लागते, भाषेच्या प्रारूपांनाही लागते, हे ध्यानात आल्यावर २००७ मध्ये कुडा हे साधन आले आणि चित्र काढण्याच्या चिपवर चित्राशी संबंध नसलेली कामे सुरू झाली. २०२० मध्ये सी-डॅकने पुण्यात उभारलेला परम सिद्धी-एआय एनव्हिडियाच्या ए १०० या जीपीयूंवर चालतो. त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. ज्या संस्थेने ग्राफिक्स कार्डाला मराठी शिकवली, तिचाच हा महासंगणक.

नगर जिल्ह्याच्या वेशीवरही असेच एक उदाहरण आहे. पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, म्हणजे ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीचे संकेत सतत एकमेकांशी ताडून पाहायचे. दुर्बिणीचा विस्तार झाल्यावर हे काम जीपीयू करू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र या मालिकेतला एक महासंगणकही जीएमआरटीसाठी सुरू झाला.

आजचे जीपीयू मराठी बोलणे लिहून काढतात, छापील पान वाचतात. पण त्यांना लागतो वर्णांत साठवलेला मजकूर आणि मराठीचा १९९० ते २०१० या काळातला पुष्कळसा मजकूर अजून फाँटच्या तुकड्यांत अडकलेला आहे. स्थानिक साप्ताहिकांचे अंक, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, ग्रंथालयांच्या सूची, स्मरणिका, गावांचे इतिहास. नगरसारख्या जिल्ह्यात असा ऐवज किती संस्थांच्या कपाटांत फ्लॉपी आणि सीडींवर पडून असेल. बहुतेक जुन्या फाँटांचे युनिकोड करणारी परिवर्तके आज फुकट मिळतात. अशा संस्थांनी प्रथम फाइलींच्या प्रती काढाव्यात, प्रत्येकीसोबत फाँटचे नाव लिहून ठेवावे, परिवर्तन झाल्यावर छापील प्रत शेजारी ठेवून जोडाक्षरे तपासावीत. फ्लॉपीचा ड्राइव्ह आणि जुन्या डोंगलचा पोर्ट नव्या संगणकांवर येत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यातला जुना पीसी भंगारवाल्याला देण्याआधी हे काम उरकून घ्यावे.